सासऱ्याची डबी

"पोराला अफू हिनं दिली." बनाबाईनं सासूकडं बोट केलं. "लिवून घ्या साहेब. नाव आक्काताई."

सांगलीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. आक्काताई भिंतीला टेकून उभी होती, ती हलली नाही. डॉक्टरांनीही काही लिहून घेतलं नाही. मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ते सात महिन्यांच्या सिद्धूचे श्वास मोजत होते. इंजेक्शन देऊन दहा मिनिटं झाली होती. ओठांवरचा निळेपणा ओसरत होता.

"अफूच आहे हे कसं ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

"रहिमतबी नर्सबाईनं गावातल्या समद्या बायांना शिकीवलंय. पोर हलवून उठंना, श्वास लांबला, ओठ निळं पडलं, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली, की समजायचं अफू. घरात बसायचं न्हाई, दवाखाना गाठायचा."

"वेळेवर आणलंत. आणखी तासभर गेला असता तर काही खरं नव्हतं."

बनाबाईनं पदराचं टोक दातांत धरलं. सासूसमोर डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, असं तिनं लग्नाच्या वर्षीच ठरवलं होतं.

घरातली भानगड चव्हाट्यावर नको, म्हणत भावकीनं सकाळी एसटीपर्यंत तिची पाठ धरली होती. तिनं कुणालाही जुमानलं नाही. नवरा कृष्णात पलटणीत, विचारायचं तरी कुणाला? पोराला छातीशी घट्ट धरलं आणि गाडीत चढली. मागून आक्काताईही चढली, कुणी न बोलावता.

जतकडच्या त्या भागात पोराला अफू चाटवणं म्हणजे तीट लावण्याइतकं साधं काम. पोर म्हातारीच्या हवाली करायचं, म्हातारीनं गोळी द्यायची आणि आईनं बिनघोर रानात राबायचं. जोंधळ्याची काढणी लागल्यापासून सिद्धूची झोप वाढत चालली होती. सकाळी त्याला पाजून बनाबाई रानात जायची, ती सांजच्याला यायची तरी पोर निपचित. यात कोडं ते काय? सासूला सुनेची मजुरी बुडायला नको होती.

बनाबाईनं कनवटीची डबी काढून टेबलावर आपटली. "ही सासऱ्याची. ते परवान्यावर अफू खायाचे. जाऊन चार वर्सं झाली, पर डबी हिच्या उतरंडीत तशीच!"

"धन्याची याद म्हणून ठिवलीया," आक्काताई पहिल्यांदाच बोलली. "अफूनं माझा माणूस खाल्ला. तीच मी नातवाला देईन व्हय? साहेब, मागल्या आठवड्यात ही दोन दिस जतच्या बाजाराला गेली, कंबरेचं औषध आणाया. तवा पोरगं माझ्यापाशीच हुतं की. शेळीचं दूध प्यालं, लई रडलं, घर डोक्यावर घेतलं त्यानं, पर निपचित पडलं न्हाई."

"त्या दोन दिसांत काय झालं आसतं तर गावानं तुमालाच धरलं आसतं, आत्याबाई! म्हणून दिली न्हाई. मला काय कळत न्हाई व्हय?"

"दिली आसंल तर जीभ झडंल माझी. फौजदाराला बोलवा. मी हितनं हलत न्हाई."

दोघींपैकी एकही मागं हटायला तयार नव्हती. डॉक्टरांनी हात वर केला.

"फौजदार नको. घरात अफू आहे म्हणजे कुणाला तरी तिची सवय असणार. अफूची सवय हा आजार आहे आणि तो बरा होतो. आम्ही माणसाला तीन आठवडे इथं ठेवतो, मात्रा थोडी थोडी कमी करत आणतो. अंग मोडून येतं, नाक गळतं, माणूस चिडचिड करतो. पण सुटते."

"मंग जिला सवय हाय तिला ठेवा. रडली, वरडली तरी सोडू नगा," बनाबाई सासूकडं मान उडवत म्हणाली.

"नाही सोडणार," डॉक्टर म्हणाले.

एवढा वेळ पोराला उचलून बनाबाईची कंबर धरली होती. तिनं पुडीतली वाताची गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी प्याली. बाळंतपणापासून हे दुखणं पाठीस लागलं होतं आणि काढणीच्या दिवसांत एका गोळीनं भागत नव्हतं. सिस्टरनं पुडी काढून घेतली. बाहेरचं औषध इथं चालत नाही म्हणाली. बनाबाई तिच्यावरही खेकसली.

डॉक्टर डबी घेऊन आतल्या खोलीत गेले, सिस्टरही त्यांच्या मागून गेली. ते परत आले तेव्हा सासू-सुना दोन भिंतींना दोन तोंडं करून बसल्या होत्या.

"यातली अफू दगड झालीय," डॉक्टरांनी डबी आक्काताईला परत दिली. "वर बुरशीचा सलग थर आहे. कित्येक वर्षांत तिला कुणी नखसुद्धा लावलेलं नाही."

"मंग दुसरीकडनं आणली आसंल! मी माझं लेकरू हिच्या हातात परत देणार न्हाई. काय व्हायचं ते हू दे."

तेवढ्यात सिद्धूनं पाय झाडले आणि टाहो फोडला.

"रडतंय! माझं लेकरू रडतंय!" बनाबाईचा जीव भांड्यात पडला. ठरवलेलं सगळं विसरून ती ढसाढसा रडली, रडता रडता हसली. सासूकडं एकवार ताठ मानेनं बघत तिनं खाटेवर मांडी घातली आणि भुकेल्या पोराला पदराखाली घेतलं.

डॉक्टर झटकन पुढं आले. त्यांनी पोराला तिच्या मांडीवरून उचललं आणि सरळ आक्काताईच्या हातात दिलं. मग मुठीतली पुडी बनाबाईसमोर धरली.

"पाजू नका, बाई," ते म्हणाले. "अफू तुमच्या दुधातून जातेय."