सोवळ्यातला रथ

१९३६ साल. हुबळीच्या प्रदर्शनासाठी ह्यांनी देवळाच्या रथाची हातभर उंच लाकडी प्रतिकृती करायला घेतली आणि सांधे जोडायला परसातल्या शेगडीवर सरस शिजत ठेवला. मामंजींचं नाक भारी सोवळं. वास येताच त्यांनी भांडं लाथाडलं.

"जनावराचं कातडं उकळून देवाचा रथ चिकटवतोस? शी! खळ लाव."

ह्यांनी चिंचोक्याची खळ लावली, फटींत भुसा भरला, वर खडूचं अस्तर दिलं. प्रदर्शनात, पावसाळी हवेत, सगळ्यांच्या देखत चारही चाकं गळून पडली.

"काडीची अक्कल नाही गाढवाला!" घरी येऊन मामंजी गरजले. मग हातपाय धुऊन जपाला आले आणि मला म्हणाले, "आसन घाल."


मी त्यांचं रोजचं वाघाचं कातडं झटकून अंथरलं.