पाच इंची भिंत

मिठबावात यज्ञेशने सळ्यांच्या जाळीवर काँक्रीट ओतून पाच इंची भिंतींचं घर बांधलं. भूकंपातही टिकेल म्हणे. गाव ते बघायला लोटला आणि शेजारच्या थोरल्या भावाच्या, हरिश्चंद्राच्या, जाडजूड चिऱ्याच्या घराकडे कोणी ढुंकूनही बघेना. हरिश्चंद्राच्या पोटात दुखू लागलं. त्याने देवळात जाऊन गुपचूप गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, एकदा जमीन हलव आणि त्या पापडाची ऐट उतरव. तुझ्यापुढे पाच नारळ ठेवीन."

पंधरवड्यात जमीन हलली. चिऱ्याचं घर आडवं झालं. यज्ञेशने दादा-वहिनीला हाताला धरून आपल्या घरात आणलं.

सकाळी नारळांची पिशवी घेऊन दादा देवळाकडे निघालेला पाहून त्याने विचारलं, "दादा, घर तुझाच पडला. मगे नारळ कसले देतस?"