वीस मैल

मतदानाच्या दिवशी दुपारी चारला उमेदवार हॅडली टेक्सासमधल्या आमच्या कॉलेजात आले; आमच्याकडे मतदान संपेपर्यंत प्रचार चालतो. लॅटिनो पोरांना जागं करायला सोबत 'मारियाची' हे मेक्सिकन लोकसंगीत वाजवणारे वादक आणि तोडकंमोडकं स्पॅनिश होतं.

"साहेब, इंग्रजीत बोला, आम्ही इथेच जन्मलो," आमच्यातली यारेत्सी म्हणाली. "माझं पहिलंच मत आहे. कॉलेजातलं केंद्र तुमच्याच पक्षाने वीस मैलांवर हलवलं. तिकडे बस जात नाही आणि सातला मतदान संपतं. जाऊ कशी?"

"मनात आणलं तर काय अवघड आहे, पोरी?"

"मनाला चाकं नसतात, साहेब."

पोरं हसली. घड्याळ बघत साहेबही हसले.



साडेचारला त्यांची प्रचाराची बस पुढच्या सभेसाठी त्याच केंद्राच्या गावाला निघाली. आत चाळीस सीट रिकाम्या होत्या.