पिल्लाच्या नडगीवरचे दात

मेणाचा ठसा सातव्या जबड्यालाही बसला नाही. ती शिडीवरून उतरली.

ठसा डायनासोरच्या पिल्लाच्या नडगीचा होता. नडगीवर चार खोल चरे होते, चावल्याचे, आणि कडेने हाड पुन्हा भरून आलेलं. कुणीतरी पिल्लाला धरलं होतं आणि ते निसटून जगलं होतं. धरलं कुणी, ते तिला शोधायचं होतं.

संग्रहालयात ती हाडं साफ करायची. नऊ वर्षं हंगामी. कायम व्हायचं तर एक शोध स्वतःच्या नावावर हवा. आधीचे दोन सरांच्या नावाने छापून आले होते. सर विभागप्रमुख. छिन्नी धरण्यापासून सगळं त्यांनीच शिकवलेलं. पाहुण्यांना ते सांगत, ही माझी लेकच.

पिल्लू दालनात एका मोठ्या मादीच्या पुढ्यात उभं होतं. खाली सरांनी लिहिलेली पाटी: ‘आईकडून शिकार शिकताना’. पिल्लाच्या पोटात मात्र तिला नुसती सरड्यांची हाडं सापडली होती, मोठ्या शिकारीचा तुकडासुद्धा नाही. हे सांगितल्यावर सर हसले होते. लहान तोंडी मोठा घास, म्हणाले.

आता मोजायची राहिली होती ती मादीच. तिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. तिने शिडी सरकवली, ठसा दाबला. चारही दात चपखल बसले.

सरांना तिने आठवडाभराने बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून ठसा तीनदा लावून पाहिला.

“म्हणजे आईच खायला उठली होती?”

“आई की शेजारीण, ते हाड सांगत नाही सर. पण होती जातवालीच. मोठ्यांच्या वाऱ्याला उभं न राहता सरडे धरायला शिकलं, म्हणून तगलं ते.”

पाटीचे स्क्रू सरांनी स्वतःच काढले. चूक कबूल करायला ते कधी कचरत नसत. पाटी काखेत मारून म्हणाले, “शाबास. उद्या लिहायला बसू. पहिलं नाव माझं टाक, म्हणजे छापायला कुणी खळखळ करणार नाही.”

“लेख सोमवारीच गेला, सर,” ती म्हणाली. “माझ्या एकटीच्या नावाने.”