ओ

जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीला तुळसाने घरात घेतलं, म्हणून गावकीने तिला वाळीत टाकलं. तिच्या हाकेला जो ओ देईल, त्याला दंड.

त्या सकाळी गावप्रमुखाचा भाऊ अनिल रत्नागिरीची एसटी गाठायला वहाळावरच्या लाकडी पुलाकडे, साकवाकडे निघाला. तुळसा जिवाच्या आकांताने ओरडली, "जाव नको रे अनिल, साकव खालनं खचलाय!"

विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांनी ते ऐकलं आणि माना खाली घातल्या. अनिलने मागे वळूनही पाहिलं नाही.

त्याच्या बाराव्याला गावकी बसली. तुळसाला समोर उभं करून गावप्रमुख गरजला, "तुझं घर साकवाला लागून, तुला म्हायत होतं, मग सांगितलंस का नाय?"

 तुळसाने गर्दीत बसलेल्या त्या विहिरीवरच्या बायांकडे पाहिलं.

त्यांनी पुन्हा माना खाली घातल्या.