पत्ता लागला नाही

आईवडिलांचं घर एकट्याने गिळायचं म्हणून भावाने दावा लावला आणि कोर्टात शपथेवर सांगितलं, "बहिणीला खूप शोधलं, साहेब. पत्ताच लागला नाही." मग कोर्टाच्या परवानगीने तिच्या नावाची नोटीस त्याने वर्तमानपत्रात दिली. वर्तमानपत्रही असं निवडलं, की ते कुणी चुकूनही उघडत नसे. बहीण आली नाही की निकाल आपल्याच बाजूने लागणार, याची त्याला खात्री होती.

तारखेला पुकारा झाला. भावाचा वकील उठला. "प्रतिवादी गैरहजर आहेत, साहेब."

"हजर आहे!" दारातून आवाज आला आणि बहीण ताठ मानेने आत आली. भावाच्या तोंडचं पाणीच पळालं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे वर्तमानपत्र तुमच्याकडे येतं?"

"नाही, साहेब. नोटिशीचं कात्रण मला घरपोच मिळालं."

"कुणी पाठवलं?"

भावाच्या शेजारी बसलेली त्याची बायको उठली. पदर सावरून ती सरळ नणंदेजवळ जाऊन उभी राहिली.

"मी पाठवलं, साहेब. पत्ता माझ्याकडे पहिल्यापासून होता. यांनी कधी विचारलाच नाही."