शेपूट हललं की समज

“ताई, तुमच्या त्या डबीपायी माझं विमान एक दिवस पाण्यात नाक खुपसणार,” क्रेनवाल्या काकांनी दारात उभं राहून तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं.

डबी म्हणजे बेबी मॉनिटर. नात्यातल्या कुणीतरी वापरून दिलेला, जुना. एक डबी पाळण्यापाशी, दुसरी स्वयंपाकघरात ओट्यावर. काकांचं म्हणणं, हिची आणि त्यांच्या रिमोटवर उडणाऱ्या विमानाची रेडिओलहर एकच आहे, त्यामुळे विमान भलतंच वागतं.

“मग काय बंद करू? आणि आत बाळाला काही झालं तर?”

“बंद नका करू. मीच लहर बदलणारा दुसरा क्रिस्टल मागवलाय. तो बसवला की तुम्ही तुमच्या लहरीवर, मी माझ्या.”

गल्ली अरुंद होती. तिच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून थेट त्यांची खोली दिसायची. उभं आयुष्य बंदरात क्रेनवर काढलेला माणूस. बायको गेलेली, मूलबाळ नाही. भिंतीवर मोठा आराखडा चिकटवलेला आणि त्याखाली बाकावर रोज थोडं थोडं आकाराला येणारं, पाण्यावरून उडणारं विमान. आधी माशाच्या काट्यासारखा नुसता सांगाडा. मग त्यावर पातळ लाकडाच्या पट्ट्या आणि होडीसारखं पोट. मग दोन्ही पंखांखाली एकेक चिमुकली होडी, पाण्यात कलंडू नये म्हणून.

तिचा नवरा कामासाठी परगावी. दिवसभर बोलायला फक्त बाळ, आणि ते अजून हुंकाराच्या पुढे गेलं नव्हतं. पोळ्या लाटताना, भांडी घासताना ती समोर बघत राहायची. काका सँडपेपर घासत असायचे. कधी मान वर करून म्हणायचे, “काय पोरी, झोपला का गं तो?” तेवढंच.

पंख बसवले त्या दिवशी काका दिसेनासेच झाले. एवढे लांब पंख की मागची सगळी खोली झाकली गेली. वर दिव्याचा उजेड आणि खिडकीकडे वळलेलं शेपूट, एवढंच काय ते दिसायचं.

“काका, आता तुम्ही दिसत नाही!”

“दिसण्यासारखं राहिलंय काय?” पंखामागून आवाज आला. “शेपूट हललं की समज, म्हातारा जागेवर आहे.”

शेपूट शिस्तीत दोनदा हललं. डावीकडे, उजवीकडे. म्हणजे तो क्रिस्टल आला असणार, असं ती धरून चालली. विचारायचं राहूनच गेलं.

“असं खेळत बसलात तर बॅटरी संपेल ना?”

“ती तळ्यासाठी राखून ठेवलीये. इथे भिंतीच्या प्लगवर चालतंय.” मग ते म्हणाले, “रविवारी येशील तळ्यावर? उडवायच्या आधी एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने रिमोट घेऊन लांब चालत जायचं. शेपूट हलतंय का, ते ओरडून सांगायचं. एकट्याला नाही जमत ते. क्रेनवर होतो तेव्हा खालून हाताने खुणा करणारा एक जण असायचा. आता कोण आहे?”

“बघते हं, काका.”

रविवारी बाळाला सर्दी झाली. ती काय सांगायचं ते जुळवत बसली, पण काका बोलवायला आलेच नाहीत. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं, मग वाईट. रागावले असतील. संध्याकाळी तिने भीतभीतच समोर पाहिलं. दिवा लागलेला होता आणि शेपूट हलत होतं. दोनदा नाही, चांगलं पाचसहा वेळा.

तिचा जीव भांड्यात पडला.

पुढचे दिवस बाळाने तिला बसू दिलं नाही. चोंदलेलं नाक, किरकिर, पोटात काही टिकत नाही. काकांचा दिवा आता दिवसाही चालू असायचा. शेवटचं बारीक काम असेल. आणि शेपूट तर उत्साहात आलेलं.

“काय म्हणतो तुझा वैमानिक?” नवऱ्याने फोनवर विचारलं.

“चेष्टा नको. तेवढाच आधार वाटतो. बाळ रडून रडून मला रडवायला लागलं की समोरून खुणावतात बिचारे, मी आहे म्हणून.”

“माझा फोन उचलत नाहीस, आणि म्हाताऱ्याच्या शेपटाकडे बरं लक्ष असतं!”

“ते दिसतं तरी,” ती म्हणाली. दोघंही हसले. तिचं हसणं जरा आधी थांबलं.

अखेर सर्दी उतरली. त्या संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन ती खिडकीत उभी राहिली. “आजोबांना टाटा कर!” बाळाने मूठ हलवली. समोर दिवा जळत होता. शेपूट गप्प.

“काका, या रविवारी नक्की येते! मी धरते विमान!”

शेपूट गप्प.

आता मात्र फुगले, असं म्हणत तिने बाळाला आत पाळण्यात ठेवलं आणि दूध गरम करायला आली. खाली ठेवलेलं आवडलं नाही म्हणून बाळाने भोकाड पसरलं. ओट्यावरची डबी खरखरली. समोर शेपूट हललं.

“आहात ना! मग लपता कशाला?” ती हसली.

बाळ दम घ्यायला थांबलं. शेपूट थांबलं.

बाळाने पुन्हा सूर लावला. शेपूट हललं.

दूध उतू गेलं. ती आत गेली आणि पाळण्याजवळच्या डबीचा प्लग उपटला. रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून ती परत खिडकीत आली. बाळ अजून टिपेला रडत होतं. शेपूट हलत नव्हतं.

ती अर्धी बाहेर वाकली आणि खाली गल्लीतून जाणाऱ्या माणसाला ओरडून म्हणाली, “अहो! थांबा! समोरचा जिना, तिसरा मजला, क्रेनवाले काका! मी बाळाला घेऊन येतेच, तुम्ही पुढे व्हा. हो, तुम्हीच, तुम्हालाच सांगतेय! दार वाजवा, नाही उघडलं तर तोडा, पण बघा हो कुणीतरी!”